रस्ता वर चढला, घर खाली गेलं

 

आज पायऱ्यांची गोष्ट सांगते. माझ्या सासूबाई लग्न होऊन केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावात आल्या, तेव्हा या घराला चार पायऱ्या होत्या. मी आले तेव्हा तीन उरल्या होत्या. माझी मुलगी चालायला लागली तेव्हा ती एकाच पायरीवरून उतरायची. आणि काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात समोरचा रस्ता पुन्हा सिमेंटचा झाला, तेव्हा तो थेट उंबरठ्याला येऊन टेकला. घर खचलं नव्हतं. ते जिथे होतं तिथेच होतं. रस्ता वर चढला होता.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला आणि रस्त्यावरचं पाणी घरात आलं. चुलीत पाणी, पोत्यात पाणी. रात्री दीड वाजता मी आणि सासूबाई पाट्यावर पाटा ठेवून धान्य वर चढवत होतो. पुरुष माणसं दारात माती टाकत होती.

त्या वर्षी आम्ही ठरवलं, घर उचलायचं. भिंती जुन्या, मातीच्या. जॅक लावण्यासारखं घर नव्हतं. म्हणून कवेलू उतरवले, फाटे काढले, भिंतीच्या डोक्यावर दोन फूट वीटकाम चढवलं, चौकटी वर घेतल्या, आत मुरूम भरला आणि पुन्हा कवेलू घातले. गटातून कर्ज काढलं. ते फेडायला दोन वर्षं लागली.

पुढच्या पावसात आमच्या घरात थेंब आला नाही. मी खूश होते. सकाळी सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "घर तं उचललं पोरी, पण पाणी कोठी गेलं ते पाह्यलं काय?"

पाणी शेजारच्या काकूंकडे गेलं होतं. काकू एकट्या राहतात. त्यांच्या कणगीतली ज्वारी भिजली होती.

सासूबाईंचा तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. मग मी विचारत गेले, वाचत गेले. आधी लोक घर उंच कसं करायचे? पाण्याचं काय करायचे? जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे वस्ती. काळी माती कापसाला चांगली, घराला वाईट. पावसात ती फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यावर उभी केलेली भिंत तडकते. म्हणून जुने गवंडी मुरूम लागेपर्यंत खणायचे. आणि वस्तीसाठी जागा निवडायची ती उंचवट्याची, नदी जवळ असेल पण दारात नसेल अशी.

ही पांढरी हळूहळू वर चढत गेली. मातीचं घर पडलं की त्याची माती कोणी बाहेर फेकत नसे. ती तिथेच पसरायची, चोपायची आणि तिच्यावर नवं घर उभं राहायचं. त्यात चुलीची राख, पोपडे, सारवणाचे थर. शेकडो वर्षांत त्याचं टेकाड होतं. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या अशाच टेकाडांवर डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती सापडली. घरांवर घरं, चुली, धान्य ठेवायच्या जागा. आणि आणखी एक गोष्ट सापडली, ती म्हणजे नदीच्या पुराचं पाणी वळवण्यासाठी घातलेला बांध आणि खणलेला पाट. म्हणजे त्या लोकांनी घरं उंचावर बांधली, आणि पाण्याला जायला वाटही करून दिली. दोन्ही कामं केली. आम्ही एकच केलं होतं.

प्रत्येक घरापुरती उंची म्हणजे जोतं. दगडाचं जोतं, त्याच्यापुढे ओटा, ओट्याला पायऱ्या. जोत्यामुळे पाणी बाहेर राहतं, ओल भिंतीत चढत नाही, विंचूकाटा सहज आत येत नाही. जोत्याला मानही होता. ज्याचं जोतं उंच त्याचं घर मोठं. गावाच्या कडेला, उतारावर, नाल्याजवळ ज्यांना जागा मिळाली त्यांची जोती ठेंगणी राहिली. पाणी आधी कोणाच्या घरात शिरायचं हे तेव्हाही जातीवर आणि पैशावर ठरत होतं. हे बोलायला कडू आहे, पण खरं आहे.

आता समुद्राकडे जाऊ. आपल्यातल्या पुष्कळ जणींनी समुद्र पाहिलेला नाही. पण घर उचलण्याची सगळ्यात मोठी कामं पाण्याकाठीच झाली, म्हणून तिकडे जावं लागतं.

कोकणातलं जुनं घर बघा. जांभ्या दगडाचं जोतं, वर उतरतं कौलारू छप्पर. पण घर अगदी वाळूवर नसतं. आधी समुद्र, मग वाळू, मग नारळी-पोफळीची वाडी, आणि तिच्या मागे घर. वाडी वाऱ्याचा जोर आधी स्वतःवर घेते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धनच्या बाजूला आलं, तेव्हा या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. कौलं आणि पत्रे उडाले. समुद्राकाठचं जुनं घर दुरुस्त करताना म्हणूनच दोन गोष्टी बघाव्या लागतात. पाण्यासाठी खालून उंच हवं, आणि उंच केलं की वारा जास्त लागतो, म्हणून छप्पर भिंतीला आणि भिंत पायाला घट्ट बांधलेली हवी. आपल्याकडेही वळवाच्या वादळात पत्रे उडतात. घर उंच केलं आणि पत्रा नुसता दगड ठेवून दाबला, तर काम अर्धंच झालं.

जुनं घर पाडायचं नाही, जसंच्या तसं वर उचलायचं, हे काम मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतल्या शिकागो शहरात झालं. शहर सपाट, तळ्याकाठचं, चिखलाचं. सांडपाण्याला उतार नाही. १८५४ मध्ये तिथे कॉलऱ्याने फार माणसं मेली. मग ठरलं की गटारं जमिनीच्या वर घालायची, त्यांच्यावर भर टाकून रस्ते वर घ्यायचे आणि घरंही तेवढीच वर उचलायची. १८६० मध्ये तिथल्या लेक स्ट्रीटवरची इमारतींची एक अख्खी रांग सुमारे ६,००० स्क्रू-जॅक लावून उचलली. काम चालू असताना आतली दुकानं उघडी होती.

जॅकची युक्ती समजायला सोपी आहे. भिंतीच्या खालचा पाया थोडा थोडा फोडायचा, तिथे आडवं लाकूड किंवा लोखंड सारायचं, त्याच्याखाली जॅक बसवायचा. असे सगळीकडे जॅक बसले की एका इशाऱ्यावर सगळ्यांनी सारखाच फेरा द्यायचा. एक बाजू जास्त उचलली तर भिंत फाटते. हवी तेवढी उंची आली की खालची पोकळी विटांनी भरायची आणि जॅक काढून घ्यायचे. आज आपल्या महाराष्ट्रातही शहरांत असं काम होतं. हरियाणाकडच्या टोळ्या येतात आणि पक्क्या विटांचं, बीम घातलेलं घर तीन-चार फूट वर घेतात. मातीच्या भिंतीच्या घराला हे चालत नाही, ते फुटतं. कोणी "तुमचंही उचलून देतो" म्हणालं, तर आधी पाया आणि बीम दाखवा आणि जाणत्या माणसाचा सल्ला घ्या.

आता माझ्या मनात बसलेली गोष्ट. ती गाल्वेस्टनची.

गाल्वेस्टन हे अमेरिकेत टेक्सास राज्याच्या किनाऱ्यालगतचं एक बेट. वाळूचा लांबट पट्टा. सगळ्यात उंच जागाही समुद्रापासून नऊ फुटांपेक्षा कमी. तिथे भरभराटीचं बंदर होतं, समुद्राकाठी सुंदर लाकडी घरं होती, सुमारे ३७,००० लोक राहत होते. टेक्सासच्याच किनाऱ्यावर इंडियानोला नावाचं दुसरं बंदर १८७५ आणि १८८६ अशा दोन वादळांत उद्ध्वस्त झालं होतं. तेव्हा गाल्वेस्टनमध्येही भिंत बांधायची चर्चा झाली. पण खर्च मोठा होता आणि आपल्यावर एवढी वेळ येणार नाही असं लोकांना वाटलं. चर्चा मागे पडली.

८ सप्टेंबर १९०० रोजी चक्रीवादळ आलं. पंधरा फुटांहून उंच पाणी बेटावर चढलं. एका रात्रीत कमीत कमी ६,००० माणसं गेली. काही अंदाज ८,००० किंवा त्याहून जास्त सांगतात. हजारो घरं मोडली.

जे वाचले त्यांच्यापुढे प्रश्न होता, गाव सोडायचं की राहायचं? त्यांनी राहायचं ठरवलं. समुद्राकडच्या बाजूने सतरा फूट उंच भिंत बांधली. पहिला तीन मैलांचा टप्पा १९०४ मध्ये पुरा झाला. पण भिंतीच्या मागे शहर खोलगटच राहिलं असतं आणि पावसाचं पाणी आतच साचलं असतं. म्हणून त्यांनी शहराची जमीनच वर उचलली. समुद्रातून उपसलेली वाळू पाण्यात कालवून नळांनी शहरात आणली आणि घरांच्या खाली, रस्त्यांवर, अंगणांत ओतली. पाणी निथळून गेलं की वाळू उरायची. त्याआधी घरं जॅकवर चढवून ठेवायची. अशी दोन हजारांहून जास्त बांधकामं उचलली. त्यात सेंट पॅट्रिक नावाचं सुमारे ३,००० टनांचं चर्च होतं, ते ७०० जॅक लावून पाच फूट वर घेतलं. काम १९११ पर्यंत चाललं. तेवढी वर्षं लोक फळ्यांच्या उंच पुलांवरून घरात जात-येत होते. बायका बाजारहाट करून, लेकरं कडेवर घेऊन त्या फळ्यांवरून चालत होत्या.

यातल्या दोन गोष्टी मी लक्षात ठेवल्या. पहिली, उंची सगळीकडे सारखी ठेवली नाही. समुद्राच्या भिंतीजवळ जास्त आणि मागच्या खाडीकडे कमी होत जाईल असा उतार ठेवला. म्हणजे पाणी कुठे जाणार हे आधी ठरवलं आणि मग भर टाकली. दुसरी, भर टाकायचा खर्च सरकारी होता, पण घर उचलायचा खर्च ज्याचा त्याने करायचा होता. ज्याच्याकडे पैसा होता त्याचं घर नीट वर गेलं. ज्याच्याकडे नव्हता त्याची पंचाईत झाली. काहींच्या घराचा खालचा भाग वाळूतच गेला.

आणि बायकांनी काय केलं? १९०१ मध्ये तिथल्या बायकांनी एक मंडळ काढलं. त्याचं नाव विमेन्स हेल्थ प्रोटेक्टिव्ह असोसिएशन, म्हणजे आरोग्यरक्षणासाठी बायकांची संघटना. वादळात मेलेल्यांना घाईत कुठेही पुरलं होतं. त्यांचं रीतसर दफन व्हावं, हे काम त्यांनी आधी हाती घेतलं. मग खाऱ्या वाळूच्या भरीमुळे शहरातली बहुतेक झाडं मेली. या बायकांनी रोपं आणली, जगवली आणि हजारो झाडं लावली. कण्हेर खाऱ्या हवेतही टिकते म्हणून ती भरपूर लावली. आज ते शहर कण्हेरीसाठी ओळखलं जातं. पुढे त्या दुधाची शुद्धता, बाजाराची स्वच्छता यावरही नगराच्या कारभाऱ्यांना जाब विचारू लागल्या. तेव्हा त्यांना मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता. त्यातल्या कितीतरी जणी नंतर मतदानाच्या हक्कासाठी उभ्या राहिल्या.

हेही सांगायला हवं की त्या मंडळात गोऱ्या आणि खात्यापित्या घरच्या बायका होत्या. काळ्या बायकांना त्यात जागा नव्हती. शहर सगळ्यांचं उचललं, पण ठरवायला सगळ्या नव्हत्या.

१९१५ मध्ये पुन्हा तसंच मोठं वादळ आलं. भिंतीबाहेर खूप नुकसान झालं. शहरात मात्र मोजकीच माणसं दगावली.

आपल्या विदर्भातही एक गाव असंच उठून वर गेलं. नागपूर जिल्ह्यात नरखेड तालुक्यात वर्धा नदीकाठी मोवाड आहे. ३० जुलै १९९१ रोजी पहाटे पूर आला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. तिथे जोती उंच करून भागण्यासारखं नव्हतं. गावाचं पुनर्वसन नदीपासून दूर करावं लागलं. म्हणजे प्रत्येक वेळी घर उचलणं हेच उत्तर नसतं. आपल्याकडे पैनगंगेच्या काठाला, खुनी नदीच्या काठाला, नाल्यांच्या वळणावर घरं आहेत. २०२३ च्या जुलैमध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय पाऊस झाला आणि माणसं काढायला हेलिकॉप्टर कसं मागवावं लागलं, ते तुम्हाला आठवत असेल. नदी जिथे दरवर्षी येते तिथे जोत्यावर पैसा घालण्याआधी जागेचाच विचार करावा लागतो.

पण आपल्या बहुतेक गावांत नदी येत नाही, रस्त्याचं पाणी येतं. आणि तो रस्ता आपल्याच ग्रामपंचायतीतून होतो.

दर काही वर्षांनी जुन्या रस्त्यावर नवा थर पडतो. चार बोटं, कधी वीतभर. एका वेळी कोणाला काही वाटत नाही. तीन थर झाले की एक पायरी जाते. नाली बांधली तर तीही नव्या रस्त्याच्या उंचीने, म्हणजे न्हाणीचं पाणी नालीत जायच्या ऐवजी नालीचं पाणी न्हाणीत. मग ज्याला जमेल तो आपलं घर उचलतो. पाणी त्याच्या शेजाऱ्याकडे जातं. शेजारी उचलतो, पाणी पुढच्याकडे जातं. शेवटी ते अशा घरात जाऊन थांबतं जिथे कर्ज काढायचीही ऐपत नाही. आमच्या गल्लीत ते काकूंकडे थांबलं.

मग आम्ही काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही.

गटाच्या बैठकीत आम्ही ठरवलं की पावसात प्रत्येकीने आपल्या भिंतीवर पाणी आलं तिथे गेरूने रेघ मारायची. पाऊस संपल्यावर गवंड्याकडून लेव्हलची नळी आणली. तीच ती पाणी भरलेली पारदर्शक नळी. तिची दोन टोकं दोन दारांशी धरली की कोणाचं जोतं किती वर, रस्ता किती वर, सगळं कळतं. त्याला इंजिनिअर लागत नाही. गल्लीतल्या सगळ्या घरांची मापं एका वहीत लिहिली. उतार कुठे जातो तेही कळलं. तो जुन्या नाल्याकडेच जात होता. मधे कोणीतरी भर टाकून वाट बुजवली होती.

ती वही घेऊन आम्ही महिला सभेत गेलो. मैत्रिणींनो, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हा आपल्या राज्याचा कायदा आहे, आणि तिथे ठरलेलं ग्रामसभेपुढे मांडावं लागतं. केळापूर तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जास्त अधिकार दिलेत. कागदावर सही करून परत यायचं, एवढ्यासाठी ती सभा नाही.

आम्ही दोनच मागण्या लिहून दिल्या. रस्ता पुन्हा करायचा असेल तर आधी जुना थर खोदून काढा आणि मगच नवा घाला, आणि हे अंदाजपत्रकातच लिहा. नालीचा तळ गल्लीतल्या सगळ्यात ठेंगण्या जोत्याच्या खाली राहू द्या, आणि नालीला नाल्यापर्यंत उतार द्या. सगळ्यात ठेंगणं जोतं काकूंचं. म्हणून सभेत वही काकूंच्या हातात दिली. त्या आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोलल्या. दोन वाक्यं बोलल्या, पण त्या वाक्यांत फूट आणि इंच होते. कोणी त्यांना गप्प करू शकलं नाही.

रस्ता अजून खोदलेला नाही. नाली मात्र झाली, आणि बुजवलेली वाट श्रमदानाने मोकळी झाली. मागच्या पावसात काकूंच्या उंबरठ्यापर्यंत पाणी आलं, आत गेलं नाही. रेघ खाली आली. पुढच्या सभेला पुन्हा जायचं आहे.

जाता जाता कामाच्या काही गोष्टी. घरकुल मंजूर झालं असेल तर जोत्याच्या वेळी घाई करू नका. त्या टप्प्याचा फोटो निघतो, हप्ता अडतो, म्हणून आपण जोतं आटोपतं घेतो. आजच्या रस्त्यापेक्षा वर एवढंच बघू नका, अजून दोन थर पडले तरी वर राहील एवढं धरा. भर घालायची तर काळी माती कधीच नको. मुरूम घ्या, वीत-वीतभर थर घाला, पाणी मारा, धुम्मस करा आणि मग पुढचा थर. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. आतली ओल आतच राहते आणि भिंत पोखरते. आणि घराचं पाणी बाहेर काढताना ते कुठे जाऊन पडतं ते स्वतः जाऊन बघा.

आमच्या घराला आता पुन्हा दोन पायऱ्या आहेत. सासूबाई संध्याकाळी वरच्या पायरीवर बसतात, काकू खालच्या. आज घरी गेलात की तुमच्या दारच्या पायऱ्या मोजा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, तुम्ही आलात तेव्हा किती होत्या. ते दोन्ही आकडे गटाच्या वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीला वही घेऊन या.

पुन्हा भेटू. राम राम.